नाशिक जिल्ह्यातील जनुकीय आरोग्यसेवा

नाशिक जिल्ह्यातील जनुकीय आरोग्यसेवा ही आनुवंशिक आजारांची तपासणी, निदान, समुपदेशन, प्रसवपूर्व निदान आणि उपचार यांची शासकीय, धर्मादाय व खासगी संस्थांमार्फत चालणारी व्यवस्था होय. महाराष्ट्राच्या उत्तर भागातील या जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या मोठी असल्याने सिकलसेल हा या सेवेचा प्रमुख विषय आहे. त्याखेरीज थॅलेसेमिया, हिमोफिलिया, डाउन सिंड्रोम आणि दुर्मीळ चयापचय विकार यांच्या रुग्णांनाही तिची गरज भासते. अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना यांतील पहिली चाचणी बहुधा गावात किंवा आश्रमशाळेत विनामूल्य मिळते. मात्र चाचणीनंतरचे टप्पे, म्हणजे निदानाची निश्चिती, निकालाचा अर्थ समजावून सांगणे, जोडीदाराची तपासणी, गर्भावस्थेतील वेळेवर निदान आणि आयुष्यभराचा उपचार, हे वेगवेगळ्या ठिकाणी व वेगवेगळ्या योजनांत विभागलेले आहेत. त्यामुळे सेवा मिळणे किंवा न मिळणे हे पुष्कळदा या टप्प्यांमधील दुव्यांवर अवलंबून असते.

== संकल्पना ==

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि त्यांवर जनुके असतात. जनुकातील किंवा गुणसूत्रांच्या संख्येतील बदलामुळे होणाऱ्या आजारांना जनुकीय आजार म्हणतात. यांपैकी काही आजार आईवडिलांकडून अपत्याकडे येतात, तर काही बदल अपत्यात प्रथमच घडतात. म्हणून प्रत्येक जनुकीय आजार आनुवंशिक असतोच असे नाही.

इतर वैद्यकीय तपासण्यांपेक्षा जनुकीय तपासणी एका बाबतीत निराळी आहे. तिचा निकाल एका व्यक्तीपुरता राहत नाही. एखाद्या मुलाला सिकलसेल आजार असल्याचे आढळले, तर त्याचे आईवडील दोघेही वाहक असणार हे जवळजवळ निश्चित होते. त्याची भावंडे, काका, मावशी, आत्या, मामा यांच्यापैकी काही जण वाहक असण्याची शक्यताही वाढते. यामुळे जनुकीय आरोग्यसेवेत चाचणीइतकेच महत्त्व समुपदेशनाला दिले जाते. आजार कसा संक्रमित होतो, पुढील अपत्याला तो होण्याचा संभव किती, कोणते पर्याय उपलब्ध आहेत आणि त्यांचे परिणाम काय, हे कुटुंबाला समजेल अशा भाषेत सांगणे व निर्णय मात्र कुटुंबावर सोपवणे, यास जनुकीय समुपदेशन असे म्हणतात.

== भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी ==

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे २५.६ टक्के आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, इगतपुरी व बागलाण या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर आणि कातकरी या जमातींची वस्ती आहे. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरात असून जिल्ह्यात नाशिक व कळवण येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत.

जिल्ह्यातील विशेषज्ञ वैद्यकीय सेवा प्रामुख्याने नाशिक शहरात एकवटल्या आहेत. अशोक स्तंभाकडून निघून गोदावरीच्या दक्षिणेकडून गंगापूर गाव व गंगापूर धरणाच्या दिशेने जाणारा गंगापूर रोड हा शहरातील खासगी वैद्यकीय व्यवसायाचा एक महत्त्वाचा पट्टा आहे. या रस्त्यालगत व त्याला मिळणाऱ्या उपनगरांत खासगी रुग्णालये, प्रसूतिगृहे, सोनोग्राफी केंद्रे आणि रक्ततपासणी प्रयोगशाळा आहेत. गुंतागुंतीच्या जनुकीय चाचण्यांसाठी शहरांतील अशा केंद्रांवर सामान्यतः केवळ नमुना घेतला जातो आणि तो मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद यांसारख्या शहरांतील प्रयोगशाळांकडे पाठवला जातो. साध्या चाचण्यांचा खर्च काही शे रुपये असतो, तर जनुकक्रम वाचणाऱ्या चाचण्यांचा खर्च हजारो रुपयांत जातो.

शासकीय सेवेचा मार्ग याहून वेगळा आहे. तो गावातील आशा स्वयंसेविका व उपकेंद्रापासून सुरू होतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय यांच्यामार्फत शहरातील त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचतो. शालिमार परिसरातील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयरोग, मूत्रपिंडविकार व कर्करोग यांवरील विशेष उपचार होतात. त्यापुढील जनुकीय निदानासाठी रुग्णास बहुतेक वेळा मुंबई गाठावी लागते. सुरगाणा ते नाशिक हे अंतर सुमारे ९० किलोमीटर, तर नाशिक ते मुंबई हे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे.

== इतिहास ==

सिकलसेल आजाराचे पहिले वैद्यकीय वर्णन १९१० साली शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर व्हर्नन इन्ग्रॅम यांनी या रेणूच्या साखळीतील एकाच अमिनो आम्लाच्या बदलामुळे तो होत असल्याचे सिद्ध केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरी परिसरातील आदिवासींमध्ये आणि त्याच सुमारास आसामातील चहामळ्यांच्या मजुरांमध्ये सिकलसेल हिमोग्लोबिन आढळले. महाराष्ट्रात १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांनी नागपूर परिसरातील नोंदी प्रसिद्ध केल्या.

मुंबईत १९५७ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. पुढे त्याचे राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत रूपांतर झाले. परळ येथील के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील ही संस्था हिमोग्लोबिनचे विकार, हिमोफिलिया आणि त्यांचे प्रसवपूर्व निदान यांवर काम करते.

महाराष्ट्रातील आदिवासी समूहांच्या पाहणीत पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांचे कार्य पायाभूत मानले जाते. हडपसर येथील महाराष्ट्र आरोग्य मंडळाच्या माध्यमातून त्यांनी दुर्गम भागांत रक्ततपासणी व उपचार यांची सांगड घातली. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या काही समूहांत वाहकांचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक असल्याचे या पाहण्यांतून पुढे आले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार देण्यात आला. विदर्भात संपत रामटेके यांनी रुग्ण व पालकांची संघटना उभारून उपचार, शिक्षण आणि अपंगत्वाच्या मान्यतेसाठी पाठपुरावा केला. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात महाराष्ट्र शासनाने आदिवासीबहुल जिल्ह्यांत सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू करण्यात आले. बाधित भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत.

== सेवेचे टप्पे ==

=== प्राथमिक चाचणी ===

सिकलसेलसाठी गावपातळीवर विद्राव्यता चाचणी केली जाते. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब एका रासायनिक द्रावणात मिसळला जातो. सिकलसेल हिमोग्लोबिन असल्यास द्रावण गढूळ होते व नळीमागील रेषा दिसेनाशा होतात. ही चाचणी स्वस्त असून काही मिनिटांत पूर्ण होते. परंतु व्यक्ती केवळ वाहक आहे की आजारी, हे तिच्यावरून कळत नाही. नवजात बालकांतही ती विश्वसनीय ठरत नाही, कारण त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त असते.

=== निश्चिती ===

गढूळ निकाल आलेल्या व्यक्तीची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी करावी लागते. एचपीएलसीमुळे हिमोग्लोबिनच्या प्रत्येक प्रकाराचे प्रमाण मोजता येते. त्यातून वाहक व रुग्ण यांतील भेद स्पष्ट होतो आणि थॅलेसेमियाचे वाहकही ओळखता येतात. ही उपकरणे प्रत्येक आरोग्य केंद्रात नसतात. त्यामुळे नमुना वरच्या रुग्णालयात पाठवणे आणि निकाल पुन्हा गावापर्यंत पोहोचवणे आवश्यक ठरते. पेठ, सुरगाणा भागांतील कुटुंबे खरीप हंगामानंतर दिंडोरी, निफाडकडील द्राक्षबागांत किंवा गुजरातेत मजुरीसाठी जातात. निकाल येईपर्यंत कुटुंब स्थलांतरित झाले असेल, तर तो कागद उपकेंद्रातच राहतो.

=== समुपदेशन व जोडीदाराची तपासणी ===

निकालानुसार व्यक्तीला कार्ड दिले जाते. सिकलसेल वाहकास सामान्यतः उपचारांची गरज नसते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास मात्र प्रत्येक गर्भारपणात अपत्य आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे निरोगी असण्याची २५ टक्के असते. ही शक्यता प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे लागू होते. पहिले अपत्य आजारी असल्यास पुढील तीन निरोगी होतील, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे.

गर्भवतीची तपासणी सकारात्मक आल्यास पतीची तपासणी तातडीने होणे आवश्यक असते. पती मजुरीसाठी बाहेरगावी असेल किंवा तपासणीस तयार नसेल, तर पुढील सर्व टप्पे खोळंबतात.

=== प्रसवपूर्व निदान ===

दोघेही वाहक असल्यास गर्भाची तपासणी करता येते. वारेचा सूक्ष्म नमुना साधारणपणे गर्भावस्थेच्या ११ ते १३ व्या आठवड्यात घेतला जातो, तर गर्भजल परीक्षण १५ व्या आठवड्यानंतर केले जाते. नमुन्यातील जनुकीय बदल प्रयोगशाळेत तपासला जातो. या दोन्ही प्रक्रियांत गर्भपाताचा अल्प धोका असतो व तो आधी समजावून सांगणे बंधनकारक असते.

हा संपूर्ण मार्ग कालबद्ध आहे. गर्भवतीची नोंदणी पहिल्या तिमाहीत झाली, तर तिची चाचणी, पतीची चाचणी, समुपदेशन व मुंबईला जाणे यांसाठी काही आठवडे मिळतात. नोंदणी पाचव्या महिन्यात झाल्यास विनामूल्य चाचणी उपलब्ध असूनही तिचा उपयोग पर्याय निवडण्यासाठी क्वचितच होतो.

== प्रमुख आजार ==

=== सिकलसेल ===

या आजारात प्राणवायू कमी झाल्यावर तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. त्या लवचीक नसल्याने सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, छाती व पोट यांत तीव्र वेदना होतात. पाण्याची कमतरता, थंडी, अतिश्रम व संसर्ग यांमुळे वेदनेचे झटके वाढतात. उन्हात शेतमजुरी करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत त्यामुळे कामाचे स्वरूप हाच धोक्याचा घटक ठरतो.

हायड्रॉक्सियुरिया हे तोंडाने घेण्याचे औषध वेदनेचे झटके व रक्त चढवण्याची गरज कमी करते. त्याचा राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश आहे. लहान मुलांना संसर्गापासून वाचवण्यासाठी पेनिसिलिन, लसीकरण आणि फॉलिक ॲसिड दिले जाते. हे उपचार तुलनेने स्वस्त आहेत. मात्र हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तपेशींची ठरावीक काळाने मोजणी करावी लागत असल्याने, औषध आणि तपासणी ही दोन्ही घराजवळ मिळणे आवश्यक असते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका येथे सिकलसेलसाठी जनुक संपादनावर आधारित उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे.

=== थॅलेसेमिया ===

बीटा थॅलेसेमियाच्या तीव्र प्रकारात शरीर पुरेसे हिमोग्लोबिन तयार करू शकत नाही. अशा बालकाला साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साठते व ते बाहेर काढण्यासाठी कायम औषधे घ्यावी लागतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा व कच्छी भानुशाली समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले असले, तरी हा आजार कोणत्याही समाजापुरता मर्यादित नाही. एका जोडीदारात सिकलसेलचे व दुसऱ्यात थॅलेसेमियाचे जनुक असल्यास अपत्यास संयुक्त स्वरूपाचा आजार होऊ शकतो. म्हणून केवळ विद्राव्यता चाचणीवर विसंबून राहणे अपुरे ठरते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने हा आजार बरा होऊ शकतो. त्यासाठी कोल इंडियाच्या सामाजिक दायित्व निधीतून थॅलेसेमिया बाल सेवा योजनेखाली पात्र रुग्णांना १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य दिले जाते.

=== हिमोफिलिया ===

हिमोफिलियात रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. संबंधित जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो व माता वाहक असू शकते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात या आजाराचा पूर्वेतिहास नसतो. सांध्यांत वारंवार रक्तस्राव झाल्यास कायमचे अपंगत्व येते. त्यामुळे घटकाचे इंजेक्शन काही तासांत मिळणे महत्त्वाचे असते. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी डे केअर सेवा आहे. दुर्गम पाड्यावरून तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ हा या रुग्णांच्या उपचारातील निर्णायक घटक असतो.

=== डाउन सिंड्रोम ===

२१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्याने डाउन सिंड्रोम होतो. १९५९ मध्ये फ्रेंच संशोधक जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कारण प्रसिद्ध केले. बाळाच्या लक्षणांवरून निदानाचा अंदाज बांधता येत असला, तरी गुणसूत्र तपासणी आवश्यक असते. बहुतेक बालकांत जास्तीचे गुणसूत्र स्वतंत्र असते व पुढील अपत्यात ते आढळण्याची शक्यता कमी असते. काही बालकांत मात्र ते दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेले असते. अशा वेळी आई किंवा वडील वाहक असू शकतात आणि पुनरावृत्तीचा धोका वाढतो. खर्चामुळे ही तपासणी टाळली गेल्यास पुढील गर्भारपणाविषयी योग्य सल्ला देता येत नाही. या बालकांपैकी अनेकांना जन्मजात हृदयदोष असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली त्यांच्या तपासणीची व शस्त्रक्रियेची सोय आहे.

=== दुर्मीळ आजार ===

स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, गॉशर, पॉम्पे यांसारख्या आजारांत निदानालाच अनेक महिने किंवा वर्षे लागतात. २०२१ मध्ये मुंबईतील एका बालिकेच्या एकवेळच्या जनुकीय औषधासाठी लोकवर्गणीतून सुमारे १६ कोटी रुपये उभारावे लागले आणि केंद्र सरकारने त्यावरील सुमारे ६ कोटी रुपयांचे कर माफ केले. त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण जाहीर झाले. २०२२ पासून या धोरणाखाली उत्कृष्टता केंद्रात उपचार घेणाऱ्या पात्र रुग्णास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. महाराष्ट्रात मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे असे केंद्र आहे. आयुष्यभर महागडे औषध लागणाऱ्या आजारांत ही एकवेळची मर्यादा काही काळातच संपते.

== कायदेशीर चौकट ==

गर्भलिंगनिदानाच्या गैरवापरास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला कायदा केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला व २००३ मध्ये त्यात सुधारणा झाली. या कायद्यान्वये जनुकीय समुपदेशन केंद्र, जनुकीय प्रयोगशाळा आणि जनुकीय चिकित्सालय यांची नोंदणी सक्तीची आहे. गर्भाचे लिंग सांगण्यास पूर्ण मनाई असली, तरी गुणसूत्रांतील दोष, हिमोग्लोबिनचे विकार, जनुकीय चयापचय विकार, लिंगसंलग्न आनुवंशिक आजार व जन्मजात व्यंगे यांच्या निदानास विहित अटींवर परवानगी आहे. प्रसवपूर्व निदान सर्वस्वी बेकायदेशीर आहे, या गैरसमजामुळे काही पात्र कुटुंबे तपासणीपासून दूर राहतात.

वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये २०२१ साली सुधारणा होऊन विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी गर्भपाताची मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवण्यात आली. गर्भात गंभीर स्वरूपाची विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने निश्चित केल्यास ही कालमर्यादा लागू होत नाही. गर्भारपण पुढे चालू ठेवायचे की नाही, याचा निर्णय स्त्रीच्या संमतीवर अवलंबून असतो. प्रसवपूर्व तपासणी केली म्हणून गर्भपात करण्याचे कोणतेही बंधन येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया व स्नायूंचा क्षय यांचा समावेश आहे. या मान्यतेमुळे रुग्णांना प्रमाणपत्र आणि त्यावर आधारित सवलती मिळण्याचा मार्ग खुला झाला.

== आर्थिक साहाय्य ==

* '''महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना''': २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. प्रारंभी ती मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती. पुढे तिची व्याप्ती वाढवून कुटुंबाच्या वार्षिक संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपये करण्यात आली. योजनेची रचना ठरावीक उपचारांच्या पॅकेजवर आधारलेली असल्याने तिचा लाभ मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांना होतो. बाह्यरुग्ण विभागातील जनुकीय चाचणी किंवा समुपदेशन यांचा खर्च तिच्यातून भागतोच असे नाही.
* '''धर्मादाय रुग्णालये''': मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार तयार झालेल्या योजनेखाली राज्यातील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यांना एकूण देयकांच्या २ टक्के रकमेचा निर्धन रुग्ण निधीही ठेवावा लागतो. ही तरतूद सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना लागू असते. इतर खासगी रुग्णालये व प्रयोगशाळा तिच्या कक्षेबाहेर आहेत.
* '''राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम''': १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी व शाळांत तपासणी करून जन्मजात दोष असलेल्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.
* '''प्रवास व इतर सवलती''': सिकलसेल, हिमोफिलिया यांसारख्या आजारांच्या रुग्णांना राज्य परिवहन महामंडळाच्या साध्या बसमध्ये प्रवासभाड्याची सवलत आहे. सिकलसेलच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ मिळतो.

== अडचणी ==

विनामूल्य सेवेतही रुग्णाच्या कुटुंबावर खर्चाचा भार पडतो. नाशिक किंवा मुंबईच्या एका फेरीत रुग्णाबरोबर किमान एक माणूस लागतो. दोघांची मजुरी बुडते आणि जेवणखाण व मुक्कामाचा खर्च होतो. तपासणी, निकाल आणि समुपदेशन वेगवेगळ्या दिवशी असल्यास हा खर्च तिप्पट होतो. सवलतींसाठी लागणारे उत्पन्नाचे दाखले, शिधापत्रिका, आधार कार्ड व दिव्यांग प्रमाणपत्र यांपैकी एखादा कागद नसल्यास उपचार लांबतो.

वैद्यकीय आनुवंशिकी या विषयातील तज्ज्ञ व प्रशिक्षित समुपदेशक देशात मोजके असून ते प्रामुख्याने महानगरांत आहेत. जिल्हा पातळीवर समुपदेशनाचे काम बहुधा परिचारिका, आशा स्वयंसेविका किंवा इतर कार्यक्रमांचे समुपदेशक करतात. नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात कोकणा व वारली बोली बोलल्या जातात. वाहक आणि रुग्ण यांतील भेद प्रमाण मराठीतील छापील पत्रकातून पुरेसा पोहोचत नाही. परिणामी स्वतःला आजारी समजणारे वाहक आणि स्वतःला केवळ वाहक समजणारे रुग्ण, अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे क्षेत्रीय कामात दिसतात.

आणखी एक अडचण नोंदींची आहे. आश्रमशाळेत तपासणी झालेल्या मुलीचा निकाल शाळेच्या नोंदवहीत राहतो. काही वर्षांनी तिचा विवाह दुसऱ्या तालुक्यात होतो आणि गर्भवती म्हणून तिची नोंदणी वेगळ्या आरोग्य केंद्रात होते. जुना निकाल तिच्यासोबत आला नाही, तर संपूर्ण तपासणी नव्याने करावी लागते व त्यात गर्भावस्थेचे मोलाचे आठवडे जातात.

== सामाजिक पैलू ==

महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलामुलींशी विवाह करण्याची प्रथा आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे एखादे सदोष जनुक कुटुंबात असल्यास अशा विवाहांत ते दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते.

विवाहापूर्वी सिकलसेल कार्ड पाहण्याचा सल्ला आरोग्य विभाग व सामाजिक संस्था देतात. दोन वाहकांना जोखीम आधी कळावी, हा त्यामागील हेतू असतो. प्रत्यक्षात मात्र वाहक असल्याचे कळल्यावर मुलीचे लग्न मोडणे किंवा आजारी अपत्याचा दोष केवळ आईला देणे असे प्रकार घडतात. सिकलसेल व थॅलेसेमियात सदोष जनुक आई व वडील या दोघांकडूनही आलेले असते. वाहक व्यक्ती निरोगी जीवन जगते आणि तिचा जोडीदार वाहक नसल्यास अपत्यास हा आजार होत नाही. म्हणूनच निकालाची गोपनीयता राखणे आणि पतीपत्नींचे एकत्रित समुपदेशन करणे यांस महत्त्व दिले जाते.

आदिवासी समूहांची तपासणी करताना एखाद्या जमातीवर आजाराचा शिक्का बसू नये, हाही चर्चेचा विषय आहे. मलेरियाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांत सिकलसेलच्या वाहकांना तीव्र मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते. त्यामुळे आफ्रिका, भूमध्य समुद्राचा परिसर, अरबस्तान व भारत येथील अनेक समूहांत हे जनुक टिकून राहिले. त्याचा संबंध कोणत्याही समूहाच्या आचारविचारांशी नाही.

== सद्यस्थिती व उपाययोजना ==

हिमोग्लोबिनच्या विकारांच्या प्रतिबंधासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २०१९ मध्ये केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाने सुरू केलेल्या 'उम्मीद' या उपक्रमातून शासकीय रुग्णालयांत जनुकीय निदान केंद्रे उभारणे आणि डॉक्टरांना प्रशिक्षण देणे यांस चालना मिळाली. २००८ मध्ये गोव्याने शासकीय रुग्णालयांत जन्मणाऱ्या बालकांची चयापचय विकारांसाठी तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रात नवजात बालकांची अशी सार्वत्रिक जनुकीय तपासणी अद्याप नियमित सेवेचा भाग झालेली नाही.

नाशिकमध्ये १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय, आदिवासी विकास आयुक्तालय, जिल्हा रुग्णालय आणि मोठे खासगी वैद्यकीय क्षेत्र एकाच शहरात आहे. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात अशा जिल्ह्यांसाठी सामान्यतः पुढील उपाय सुचवले जातात: निश्चिती चाचणीची सोय उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत नेणे, नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवून रुग्णाला गावाजवळच ठेवणे, दूरध्वनी व दृक्‌श्राव्य माध्यमांतून तज्ज्ञांचे समुपदेशन उपलब्ध करणे, आश्रमशाळेतील निकाल गर्भवतीच्या नोंदणीशी जोडणे आणि पहिल्या तिमाहीत पतीपत्नींची एकाच दिवशी तपासणी करणे. यांतील बहुतेक उपायांना नवे तंत्रज्ञान लागत नाही. उपलब्ध चाचणी, प्रशिक्षित माणूस आणि निकालाचा कागद हे तिन्ही योग्य आठवड्यात एका कुटुंबापर्यंत पोहोचणे, एवढीच त्यांची मुख्य अट आहे.

== हे सुद्धा पहा ==

* सिकलसेल
* थॅलेसेमिया
* हिमोफिलिया
* जनुकीय समुपदेशन
* राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम
* महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना
* महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ
* गंगापूर रोड, नाशिक